बोटीवरची सून

मी शेजारच्या बाईंची सून आहे, हे मला ॲमेझॉनवरच्या दुसऱ्या संध्याकाळी सूप पिताना कळलं.

समोर मिल्टन कीन्सहून आलेलं एक निवृत्त जोडपं बसलं होतं. त्यातली बायको माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाली, "सासूला घेऊन इतक्या लांब येणारी सून आजकाल कुठं मिळते? आमची तर ख्रिसमसलासुद्धा येत नाही."

मी मागं वळून बघितलं. मागं वाढप्याशिवाय कोणी नव्हतं. मग मी शेजारी बसलेल्या आमच्या बाईंकडे बघितलं. त्या पावाला लोणी लावत होत्या, अगदी कडेपर्यंत, एकसारखं.

"चांगली आहे ती," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाबरोबर संसार करणं सोपं नाही."

त्यांचा मुलगा कॅनडात असतो. मी त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. माझा नवरा त्या घटकेला मँचेस्टरमध्ये, मी फ्रीझरमध्ये भरून ठेवलेले डबे एकेक करून संपवत बसला असणार. त्याच वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. "अहो, काहीतरी चुकतंय," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी म्हणाले, "सूप छान आहे." आणि मग ते तसंच राहिलं.

हे कसं झालं ते सांगते. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. आम्ही मँचेस्टरच्या दक्षिणेला एका सेमी-डिटॅच्ड घरात राहत होतो, म्हणजे घरं दोन आणि मधली भिंत एक. भिंतीपलीकडे बाई एकट्या राहायच्या. आम्ही यायच्या आधीच त्यांचे पती गेले होते. चौदा वर्षं आम्ही एकमेकींचे रेडिओ भिंतीतून ऐकले. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्या मोजायच्या. एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "काल तीनच झाल्या. जेवायला कमी माणसं होती का?" त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे असायची, आमची त्यांच्याकडे. आम्ही भारतात गेलो की आमचे कचऱ्याचे डबे त्या बाहेर काढायच्या. याला मैत्री म्हणायचं की नुसता शेजार, ते मला कधी कळलं नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे ठरवायची वेळच येत नाही. मनात मात्र मी त्यांना 'तुम्ही'च म्हणायचे. आणि त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून मनातल्या मनात त्या माझ्यासाठी 'बाई' होत्या.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी त्यांनी आमच्या पुढच्या दाराची बेल वाजवली. एरवी त्या मागच्या दारानं हाक मारायच्या, म्हणून मला वाटलं कोणीतरी गेलं. त्यांच्या हातात एक रंगीत ब्रोशर होतं.

"फेब्रुवारीत मी पेरूला जातेय," त्या म्हणाल्या. "छोटी बोट आहे, चोवीस माणसांची. वरच्या ॲमेझॉनवर नऊ दिवस. माझी मैत्रीण येणार होती, पण तिचं हिपचं ऑपरेशन निघालं. केबिनमधली दुसरी कॉट रिकामी आहे. येतेस?"

का, हा प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला पोहता येत नाही."

"मलाही नाही. बोट आहे ती, आपण आतच बसायचं असतं."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "अगं, त्यांना फुकटची नर्स हवी असेल."

"मी रेडिओग्राफर आहे. हाडांचे फोटो काढते."

"त्यांच्या लेखी आपण सगळे हॉस्पिटलवालेच."

मुलगी तेव्हा युनिव्हर्सिटीत होती. फोनवर ओरडली, "आई, तू क्रूझवर जातो? That's so cool!" तिच्या मराठीत मी बरेचदा पुरुष असते. तिनं त्या रात्री माझ्यासाठी पावसाळी जॅकेटही ऑर्डर केलं. तोपर्यंत मी हो म्हटलेलं नव्हतं.

आमच्या सुट्ट्या म्हणजे एक तर भारत, नाहीतर हॅरोला दिरांकडे हॉलमध्ये गाद्या टाकून झोपणं. जंगल, प्राणी, नदी यांची मला ओढ आहे असंही काही नव्हतं. तरी मी थेट आमच्या मॅनेजरकडे जाऊन दोन आठवड्यांची ॲन्युअल लीव्ह मागितली. कशासाठी, असं तिनं विचारलं तेव्हा "शेजारणीबरोबर ॲमेझॉनला जातेय" हे वाक्य माझ्याच कानांना दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

मँचेस्टर, माद्रिद, लिमा, आणि तिथून इक्विटोस नावाचं गाव, जिथं रस्त्यानं पोहोचताच येत नाही. विमानातून खाली बघितलं तर हिरव्या पसाऱ्यात तपकिरी नदी इतकी वळणं घेत होती की ती कुठून कुठं चालली आहे ते समजेना. बाई खिडकीला नाक लावून होत्या. "बघ, ते जुनं पात्र. तिथून नदी सरकली. वीस वर्षं मी हे फळ्यावर काढलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा कापत होता. मला वाटलं विमानामुळे.

बोट लाकडी होती, तीन मजली, पांढरी. आमच्या केबिनमध्ये दोन कॉट, मध्ये एक हात जागा, आणि एक मोठी खिडकी. प्रवासी बहुतेक आपल्याच देशातले, म्हणजे इंग्लंडातले. 'आपल्याच' हा शब्द मी मनात सहज वापरला आणि मग अडखळले, कारण पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी मला खलाशांपैकी समजून चिखलानं भरलेले बूट माझ्या हातात दिले होते. मी ते घेतले, आणि कुठं ठेवायचे असतात ते शोधत बोटभर फिरले. गाइड पन्नाशीतला, त्या नदीकाठच्याच गावचा माणूस. त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतले.

आणि मग दुसऱ्या संध्याकाळचं ते सूप.

जेवण झाल्यावर केबिनमध्ये येताच मी विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"कुणाला?" बाई मच्छरांचं मलम लावत होत्या.

"मी तुमची सून आहे म्हणून."

"लोक काहीही ऐकतात," त्या म्हणाल्या. "सकाळी साडेपाचला निघायचंय. झोप आता." आणि त्यांनी दिवा घालवला.

मी जागीच राहिले. रोज हॉस्पिटलात म्हातारी माणसं स्कॅनला येतात. मेंदू आक्रसलेला दिसतो, आणि बाहेर बसलेली मुलगी सांगत असते की आई मला मावशी म्हणून हाक मारते. बाईंचं तसं तर नाही? त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. आपण या माणसाला घेऊन, की या माणसाबरोबर, जगाच्या टोकाला आलोय आणि आपल्याला काहीच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची परीक्षा घ्यायला लागले. छोट्या मोटरबोटीत बसून आम्ही पुराच्या जंगलात शिरलो. झाडं कमरेपर्यंत पाण्यात उभी होती, आणि एका फांदीवर स्लॉथ नावाचा प्राणी ओल्या पोत्यासारखा लटकला होता. सगळे कॅमेरे काढत होते. मी हळूच विचारलं, "आज वार कुठला हो?"

"गुरुवार."

"आपण कुठल्या नदीत आहोत?"

त्यांनी नदी सांगितली. तिला डावीकडून मिळणाऱ्या उपनद्या सांगितल्या, मग उजवीकडून मिळणाऱ्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बरी आहेस ना? उन्हाचं झालंय का काही?"

तेवढ्यात बोटीपासून दहा हातांवर पाणी फुगलं आणि एक गुलाबी पाठ वर येऊन गेली. गुलाबी म्हणजे खरीच गुलाबी, नुकत्याच अंघोळ घातलेल्या तान्ह्या बाळासारखी. डॉल्फिन. बाईंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांची बोटं नंतरही कितीतरी वेळ तिथंच होती. मला हात सोडवून घ्यावासा वाटला नाही, आणि तसाच राहू द्यावा हेही नीटसं वाटेना.

त्या दुपारी आम्ही एका गावात उतरलो. वीसेक घरं, सगळी खांबांवर उभी, मध्ये फुटबॉलचं मैदान. एका घराखाली एक बाई कसला तरी लांबट कंद किसत बसली होती. शेजारी तिनं त्याचा पांढरा चोथा पिळून ठेवला होता. गाइडनं सांगितलं, युका, म्हणजे ज्याच्यापासून टॅपिओका करतात तो. मी खाली वाकून बघितलं. म्हणजे साबुदाणा! माझ्या आईनं जन्मभर एकादशीला जी खिचडी केली, तो कंद मूळचा या लोकांचा. उपासाला गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही आणि हा चालतो, हे कुणी आणि कधी ठरवलं असेल? हे मला मोठ्यानं कुणाला तरी सांगायचं होतं, पण मराठीत सांगण्यासारखं तिथं कोणी नव्हतं.

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग आमच्या बाईंकडे, मग माझ्या खांद्यावरच्या दोन पिशव्यांकडे. तिनं गाइडला काही विचारलं. तो म्हणाला, "स्वेग्रा." मग माझ्याकडे बोट करून, "न्वेरा." ती खो खो हसली आणि काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, सासूची पिशवी उचलायला फारच लांब आलीस."

स्वेग्रा म्हणजे सासू आणि न्वेरा म्हणजे सून, तर गाइडलाही सांगून झालं होतं. आमच्या बाई थोड्या पुढं जाऊन एका पोपटाशी बोलत होत्या.

माझी खरी सासू सांगलीला असायची. वीस वर्षांच्या संसारात मी तिच्याबरोबर एका घरात सगळे मिळून काही महिनेच राहिले असेन. मी तिला आई म्हणायचे, तीही मला अगं बाळ म्हणायची, पण आम्ही दोघी नेहमी विमानाच्या तारखेकडे डोळे लावून असायचो. ती गेली तेव्हा आम्ही पोहोचलो ते दिवस उरकल्यावर. कुणी बोल लावला नाही. आता इथं, एका परक्या नदीवर, मी कुणाच्या तरी सासुरवासाची चेष्टा ऐकून घेत होते, आणि मला कसंतरीच वाटत होतं. ते सासूसाठी होतं की अपमानामुळे, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी बाई पडल्या.

आणखी एक गाव होतं. काठाची माती कापून पायऱ्या केलेल्या, त्यावर एक फळी. रात्रभर पाऊस झाला होता. गाइडनं हात पुढं केला होता, मी मागं होते. बाई म्हणाल्या, "मला जमतं," आणि पुढच्या क्षणी त्या बसकण मारून घसरल्या, उजवा हात खाली टेकवून. आवाज आला नाही. त्यांनी तोंडातून हूं की चूं काढलं नाही. फक्त हात वर करून माझ्यासमोर धरला, शाळेतलं पोर वही दाखवतं तसा.

मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलं होतं. असली मनगटं मी हजारांनी बघितली आहेत, बर्फ पडला की तर एकेका दिवशी रांग लागते. पण ती नेहमी मशीनखाली, काळ्यापांढऱ्या रंगात. हे मनगट चिखलानं माखलेलं होतं आणि त्यावर त्यांचं घड्याळ चालू होतं. मी घड्याळ काढलं आणि म्हणाले, "मोडलंय."

"ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

गावात आरोग्य केंद्र होतं, म्हणजे निळ्या रंगाची एक लाकडी खोली. तिथला कंपाउंडर शांत माणूस होता. त्यानं वेदनेची गोळी दिली, पुठ्ठा कापून हाताखाली आधाराला लावला आणि इतक्या हलक्या हातानं बँडेज गुंडाळलं की आमच्या डिपार्टमेंटमधल्या कुणालाही शिकवता आलं असतं. मग त्यानं एक मोठी वही काढली. बाईंचं नाव, वय लिहून त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघून काही विचारलं. मला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. ही तुझी कोण?

गाइड तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला थांबवलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. चौदा वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दुखण्याला घाबरल्या होत्या की माझ्या उत्तराला?

"न्वेरा," मी म्हणाले.

त्यानं लिहिलं, वही माझ्याकडे फिरवली आणि मी सही केली. अजूनही कुठल्यातरी कपाटात ती वही असेल.

बोटीवर परत आल्यावर तिथल्या मॅनेजरबाईंनी मला बोलावलं. इक्विटोसला एक्स-रे काढायला हवा, इन्शुरन्सला कळवायला हवं. त्यांनी बाईंची फाइल उघडली. "तुमच्या यजमानांना फोन लावू का? आमच्याकडे हा नंबर आहे."

तो आमच्या घरचा नंबर होता. मी फॉर्म हातात घेतला. बाईंचं भूगोलाच्या नकाशावरच्यासारखं सुवाच्य अक्षर. सोबत कोण: सून. खाली माझं पूर्ण नाव, आणि तेही अचूक. माझ्या नावाचं स्पेलिंग इंग्लंडात इतक्या वर्षांत कुणी पहिल्या झटक्यात बरोबर लिहिलेलं नाही, पगाराच्या चिठ्ठीवरसुद्धा नाही. आणि सगळ्यात खाली तारीख होती. ऑगस्टमधली.

मला त्यांनी विचारलं ते ऑक्टोबरात. मैत्रिणीचं ऑपरेशन अचानक निघालं म्हणून. मग ऑगस्टमध्ये फॉर्मवर माझं नाव कसं?

"यजमानांशी मीच बोलेन," मी मॅनेजरबाईंना म्हणाले आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिले. डोक्यात नुसता कालवा झाला होता. काठावरची झाडं मागं सरकत होती. एका फांदीवर कोंबडीएवढे तांबूस पक्षी बसले होते, डोक्यावर विस्कटलेले तुरे. मिल्टन कीन्सचे गृहस्थ शेजारी येऊन म्हणाले की या पक्ष्याला शेणासारखा वास येतो. मी म्हणाले, "हो का?" आणि रडायला लागले. ते बिचारे घाबरून बायकोला बोलवायला गेले.

केबिनमध्ये बाई कॉटवर बसल्या होत्या. डाव्या हातानं स्वेटरची बटणं काढायची त्यांची खटपट चालली होती. मी पुढं होऊन ती काढली. मग केस विंचरायला घेतले, कारण मागं उभं राहिलं की त्यांचा चेहरा दिसत नाही आणि बोलायला सोपं जातं.

"तुमच्या मैत्रिणीचं ऑपरेशन कसं झालं?" मी विचारलं.

त्यांनी मोडलेला हात मांडीवर नीट ठेवला.

"ती दोन वर्षांपूर्वी गेली," त्या म्हणाल्या. "आम्ही एका शाळेत होतो. ती फ्रेंच शिकवायची. रिटायर झालो की या नदीवर जायचं, असं ठरलं होतं. दर वर्षी काहीतरी निघायचं."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"मला वाटलं, तुमच्यात चालत नसेल. मेलेल्या माणसाच्या जागी झोपणं वगैरे."

"आमच्यात असं काही नाही," मी म्हणाले. पण खरंच काही नाही का, हे मला तरी कुठं माहीत होतं? सासूबाईंनी नक्कीच काहीतरी सांगितलं असतं.

"आणि सून?"

"फॉर्मवर चौकोन होते. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी हवं, असा त्यांचा नियम. मुलगा, मुलगी, सून, जावई, बहीण. शेजारणीसाठी चौकोन नव्हता."

"मुलालाच का नाही विचारलंत?"

बाईंनी डावा हात खिडकीकडे केला. "मकाव," त्या म्हणाल्या. "दोन. नेहमी जोडीनं उडतात."

दोन मोठे पोपट खरोखरच चालले होते, निळे आणि पिवळे. ते दिसेनासे होईपर्यंत मी केस विंचरत राहिले. ते कधीच विंचरून झाले होते.

मला फसवलं होतं, हे खरं. पण ऐन वेळची बदली म्हणून नव्हे, आधीपासून मलाच निवडलं होतं, हेही खरं. यातल्या कशावर रागवायचं आणि कशानं खूश व्हायचं, याचा हिशेब लागेना. उरलेले दिवस मी त्यांचं मांस कापून दिलं, त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि जेवणाच्या टेबलावर कुणी माझ्या 'नवऱ्याबद्दल' विचारलं की तो कामात फार असतो असं सांगितलं. तेवढं तर दोघांच्याही बाबतीत खरं असेल.

इक्विटोसच्या एका दवाखान्यात एक्स-रे निघाला. तिथल्या तंत्रज्ञानं मला बघू दिला. मी तर्क केला होता तिथंच मोडलं होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला मी मनगटाचं सगळं सांगितलं, सुनेचं सांगितलं नाही. पण तीनेक आठवड्यांनी बोटीच्या कंपनीकडून पत्र आलं. पाकिटावर माझं नाव आणि बाईंचं आडनाव, सून म्हणजे तेच असणार असं त्यांनी परस्पर ठरवलेलं. त्यानं ते फोडून मोठ्यानं वाचलं. "तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना पुढच्या सफरीसाठी..." मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं. "हे कोण?"

मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला. "म्हणजे पंधरा दिवस मी कोण होतो?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. तो पुन्हा हसला, पण जरा कमी.

बाई मात्र परतल्या त्या दिवसापासून पूर्वीसारख्याच. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी पलीकडे जाऊन त्यांची बटणं लावून द्यायचे. त्या आभार मानायच्या, हवेबद्दल बोलायच्या. बोटीवरचा तो विषय पुन्हा निघाला नाही. प्लास्टर बदलायला मी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात घेऊन गेले. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "बरोबर कोण आलंय?" बाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "माझी शेजारीण."

बरोबरच होतं की ते. खुर्चीवर बसल्यावर मी भिंतीवरची फ्लूची जाहिरात चार वेळा वाचली.

जूनमध्ये त्यांचा मुलगा कॅनडाहून आला. पन्नाशीला आलेला, उंच, डोक्याला मध्ये टक्कल. आमच्या पुढच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटतं, तुम्ही माझी बायको."

आईनं त्याला सांगितलं होतं तर! मी लाजेनं लाल झाले असेन. त्याला आत घेतलं, चहा केला. तो मोकळा माणूस निघाला. संसार करायला कठीण वगैरे मला तरी वाटला नाही. त्याला खरी बायको होती, आता नाही, एवढं त्यानं सांगितलं. मग कपाकडे बघत म्हणाला, "तिनं मला विचारलं असतं तर मी आलो असतो."

"नाही विचारलं?"

"नाही." मग थोड्या वेळानं, "म्हणजे, एकदा ती म्हणाली होती की एक बोट आहे. मला वाटलं, ती मला नुसतं सांगतेय."

मी त्याला बिस्किटं दिली.

तो दहा दिवस राहिला. शेवटच्या रविवारी मी माडीवरच्या खिडकीतून बघितलं तर दोघं बाहेर पडत होते. बाईंनी त्याचा हात धरला होता, बऱ्या झालेल्या उजव्या हातानं, दंडापाशी, घट्ट, डॉल्फिन दिसला तेव्हा माझा धरला होता तसा. तो खाली वाकून काहीतरी ऐकत होता. रस्त्याच्या टोकाशी त्या थांबल्या, बोट करून त्याला झाडावरचं काही दाखवलं, आणि दोघं पार्ककडे वळले.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण मला राग आला होता, चांगला, कानशिलं तापतील असा, आणि तो कुणावर, हे माझं मलाच सांगता येईना. नवरा खालून विचारत होता की चहा ठेवू का. मी उत्तर न देता मागच्या बागेत गेले आणि दोरीवरचे कपडे काढायला लागले. निम्मे काढून झाल्यावर लक्षात आलं, ते अजून ओलेच होते.